कोणाच्या दारी जायचे

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला आहे. एका अंगाला कपाशी आणि तुरीची शेते, दुसऱ्या अंगाला संत्र्याच्या बागा आणि त्यांच्या पलीकडे सागाचे विरळ जंगल, अशी त्याची ठेवण आहे. जखमी प्राण्यांसाठी काम करणारी एकही संस्था येथे नाही. वर्ध्यालगत पिपरी मेघे येथे करुणाश्रम आहे, तो आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. त्यापुढे थेट नागपूर. तेथे सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला वन्यप्राणी बचाव केंद्र आहे आणि १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. नकाशावर ही अंतरे थोडी वाटतात. रात्री नऊ वाजता, शेवटची एसटी निघून गेल्यावर, कंबर मोडलेले जनावर पुढ्यात पडलेले असताना ती सरता सरत नाहीत.

मी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्याच वर्षीच्या श्रावणातील ही गोष्ट आहे. शाळेच्या मागे राहणाऱ्या आणि मुलांच्या डब्यातील पोळीच्या तुकड्यांवर वाढलेल्या एका कुत्रीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का बसला. तिचे मागचे दोन्ही पाय निकामी झाले होते, तरी पुढच्या पायांवर अंग ओढत ती माझ्या ओसरीपर्यंत आली. मी मोबाइलवर सापडतील तितके क्रमांक फिरवले. एक क्रमांक बंद होता. दुसऱ्यावर, शहराच्या हद्दीबाहेर गाडी पाठवता येत नाही, असे नम्रपणे सांगण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी माझे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेऊन ‘तुम्ही तिला घेऊन या’ असे म्हणाले आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु माझ्याकडे गाडी नव्हती आणि गावात येऊन जेमतेम दोन महिने झाल्यामुळे ती कोणाकडे मागावी हेही मला ठाऊक नव्हते. पहाटे चारच्या सुमारास तिचा श्वास थांबला. तोवर मी तिच्याजवळ बसून होते, तिच्या तोंडापाशी पाण्याची वाटी धरून. त्या वाटीतले पाणी तिने घेतले नाही.

सकाळी गुरे रानात न्यायला निघालेले आमच्या गावचे ढोरकी ओसरीपाशी थांबले. सारे गाव त्यांना काकाजी म्हणते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कुत्रीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाले, “मॅडम, मले आवाज द्याचा होता ना. डॉक्टरसाहेब तं बाजूच्या गावातच रायते. काहून नाई सांगतलं?”

त्यांच्या ‘काहून’ला माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्रभरात मी वर्धा, नागपूर आणि पुणे अशा तीन शहरांत फोन लावले होते आणि तीन घरे सोडून असलेले काकाजींचे दार वाजवले नव्हते. डॉक्टर आले असते तर ती जगली असती, असे मी म्हणत नाही. कण्यालाच मार बसला असेल तर कदाचित नसती जगली. पण रात्रभर ती ज्या वेदनेत तळमळली, तिच्यावर इंजेक्शन होते आणि ते चार किलोमीटरवर होते. ही चुटपुट मला अजून आहे.

काकाजी ज्यांना डॉक्टरसाहेब म्हणत, ते पशुधन पर्यवेक्षक होते. आमच्याकडे तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या श्रेणी १ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक, म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात आणि लहान गावांतील श्रेणी २ च्या दवाखान्याचा भार बहुधा पर्यवेक्षकांवर असतो. त्यांचे मुख्य काम गाई, म्हशी, बैल आणि शेळ्यांचे. भटक्या कुत्र्यासाठी अपरात्री उठून येणे त्यांच्या कामात मोडते की नाही, यावर वाद घालता येईल. मी त्यांना नंतर जाऊन भेटले, तेव्हा त्यांनी तो वाद घातला नाही. “फोन करत जा, मी असलो तर येईन, नसलो तर काय करायचं ते सांगीन,” एवढे बोलून त्यांनी आपला क्रमांक लिहून दिला. माझ्या वहीतील पहिली नोंद तीच.

ही वही म्हणजे शाळेतील एक जुना हजेरीपट आहे, ज्याची मागची पाने कोरी राहिली होती. पहिल्या पानावर मी दोन सरकारी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत, कारण घाबरलेल्या माणसाला आठवलेलेही आठवत नाही. १९६२ हा पशुसंवर्धनाचा, ज्यावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी मागवता येते. १९२६ हा वनविभागाचा, वन्यप्राण्यांसाठी. गाई-बैलांसाठी वनविभागाला आणि चितळासाठी गुरांच्या दवाखान्याला फोन करण्यात मौल्यवान अर्धा तास जातो, हे मी दोनदा पाहिले आहे. मात्र क्रमांक लागला म्हणजे मदत पोहोचली असे होत नाही. फोन ठेवल्यापासून गाडी येईपर्यंतचा जो वेळ असतो, तो कोणीतरी त्या प्राण्याजवळ बसून, गर्दी हटवून, सावली धरून भरून काढावा लागतो. वहीची पुढची पाने अशा माणसांची आहेत.

काकाजींचे नाव त्यांत सर्वांत वर आहे. साठेक गुरे घेऊन रोज उन्हातान्हात हिंडणाऱ्या या माणसाला कोणत्या गाईचे वेत अडणार आहे, हे तिच्या चालीवरून दोन दिवस आधी कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ असे त्यांच्या कानात सांगतात. काकाजी त्या दिवशी घरोघर जातात ते मुख्यतः जुवाने पडलेले घट्टे पाहायला. ज्या बैलाचा खांदा सुजलेला असेल, त्याच्या मालकाला ते सर्वांदेखत बोलतात आणि मालक ऐकून घेतो. जखमी जनावराजवळ मागून जायचे नाही, त्याला दिसेल असे बाजूने जायचे. मऊ फडके तोंडावरून गुंडाळल्याशिवाय मार लागलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मग तो स्वतःचा का असेना. कंबर मोडलेल्याला पोटाखाली हात घालून उचलायचे नाही, शेजारी गोणपाट अंथरून त्यावर अलगद सरकवून घ्यायचे आणि चारही कोपरे धरून न्यायचे, हे सारे मी त्यांच्याकडून शिकले. एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली, आणि तिचे मला जितके समाधान वाटते तितकाच तिचा आग्रहही आहे. कुत्र्याचा दात किंवा नख लागले, तर चुना-हळद न भरता जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करायची. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस वाचत नाही.

२०२२ मध्ये जनावरांत लम्पी आला, तेव्हा या ओळखीपाळखींचा खरा उपयोग कळला. बैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठत होत्या, पाय सुजत होते, गोठ्यांत माश्या मावत नव्हत्या. पर्यवेक्षक शेळ्यांच्या देवीची लस घेऊन गावोगाव फिरत होते, कारण या रोगावर तीच उपयोगी पडत होती. काकाजींनी गुरे रानात नेणे आपणहून बंद केले, त्यात त्यांची रोजची मिळकत बुडाली, तरीही. आणि ज्यांच्या घरी धावपळ करायला माणूस नव्हते, अशा दोन म्हाताऱ्या बायांच्या गाईंना पाणी पाजायला सातवीची मुले आळीपाळीने जात होती. त्यांतील एक गाय दगावली, दुसरी अजून दूध देते.

वन्यप्राण्यांचे प्रकरण अधिक अवघड आहे आणि ते लिहिताना शेतकऱ्याचा विचार बाजूला ठेवता येत नाही. हरभरा घाट्यावर आला की रात्रीतून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरतो आणि सकाळी शेतात खुरांचे ठसे आणि तुटलेली घाटे राहतात. रानडुकरे भुईमुगाच्या ओळीच्या ओळी नांगरल्यासारख्या उलथून टाकतात. डिसेंबरच्या थंडीत शेतावर जागलीला जाणारा माणूस वन्यप्राण्यांवर प्रेम करा हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकून घेईल, असे मला वाटत नाही आणि मी ते कधी म्हटलेही नाही. पण याच जागलीला बसणाऱ्या माणसाने काय केले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या मे महिन्यात सकाळी सहाला एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या विहिरीत कोल्हा पडला होता. आमच्या भागातील अनेक विहिरींना कठडा नाही. जमिनीच्या पातळीवरच तोंड उघडे, भोवती वाळलेले गवत, आणि उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने आलेला प्राणी रात्री पाय घसरून आत जातो. विहीर चाळीसेक फूट खोल होती आणि तळाला पुरुषभर पाणी होते. कोल्हा पोहून दमला होता. बांधकामातील एका बाहेर आलेल्या दगडावर त्याने पुढचे दोन्ही पाय टेकवले होते आणि मागचे शरीर पाण्यात होते. दर थोड्या वेळाने त्याची नखे दगडावरून सरकत आणि तो पुन्हा वर चढण्यासाठी खरवडू लागे. तो आवाज विहिरीत घुमून वर येत होता.

मी १९२६ वर नोंद केली आणि मग वहीतून आमच्या बीटच्या वनरक्षकांना थेट फोन लावला. ते वणव्याच्या कामावर वीस किलोमीटर आत होते. दीड तास लागेल, तोवर कोणालाही आत उतरू देऊ नका आणि गळ्यात फास टाकून ओढू नका, एवढे त्यांनी बजावले. हा फास टाकण्याचा मोह गर्दीत कोणाला ना कोणाला होतोच, आणि वर येईपर्यंत प्राणी फासावर गेलेला असतो.

तेवढ्यात विहिरीचे मालक काही न बोलता शेतातल्या झोपडीकडे गेले आणि आपली बाज डोक्यावर घेऊन आले. याच बाजेवर ते हिवाळाभर जागलीला झोपत आणि याच हिवाळ्यात त्यांचा अर्धा हरभरा रोह्यांनी नेला होता. उन्हाळ्यात गावोगाव विहिरींतील गाळ काढणारे एक भाऊ गर्दीत होते. त्यांनी बाज हातात घेतली आणि पुढचे सारे त्यांनीच ठरवले. चार पायांना चार दोर बांधून ते वर एका गाठीत आणले. बाज समांतर राहते की कलते, हे जमिनीवरच दोनदा उचलून पाहिले, एका दोराला वीतभर ढील कमी केली, मग मुख्य दोराला कडुनिंबाच्या बुंध्याचा एक वेढा देऊन ती खाली सोडायला सुरुवात केली, तीही कोल्ह्याच्या बाजूने न सोडता समोरच्या भिंतीलगत. “भेलं हाये ते,” ते मागे वळून म्हणाले, “गोंगाट नोका करू. बाज त्याच्याकडं न्याची नाई, त्यालेच येऊ द्याचं.”

बाज पाण्याला टेकली आणि चार बोटे बुडाली. कोल्हा तिच्याकडे पाहत राहिला. त्याचे कान मागे चिकटले होते आणि ओल्या शेपटीला काडीएवढीच जाडी उरली होती. पाच मिनिटे गेली असतील. मग त्याचे पाय दगडावरून सुटले, तो पाण्यात गेला, एक फेरी मारून बाजेपाशी आला आणि त्याने एक पुढचा पाय सुंभाच्या विणीत अडकवून पाहिला. पाय काढला. पुन्हा ठेवला. मग सारे बळ एकवटून तो वर चढला आणि मधोमध अंग चोरून बसला, इतका थरथरत की बाजेभोवती पाण्यावर बारीक लहरी उठत होत्या. वर उभ्या असलेल्या तीस-चाळीस माणसांतून कोणीही आवाज काढला नाही. विहिरीत पडलेल्या बिबटालाही पिंजरा येईपर्यंत आधार म्हणून वनविभाग अशीच बाज सोडतो, हे मला नंतर कळले. गाळ काढणाऱ्या भाऊंना ते कोणी शिकवले होते, हे मी विचारले नाही.

वनरक्षक आले, तोवर तो बसून होता. त्यांनी गर्दीला धुऱ्यापलीकडे नेले. चौघांनी दोर धरला आणि एका वेळी हातभर, मध्ये थांबून, बाज वर घेतली. तोंडाशी आल्यावर दोर बुंध्याला बांधून तेही बाजूला झाले. कोल्हा काही क्षण उभा राहिला, अंग झाडले, आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाला वळसा घालून नाल्याच्या दिशेने निघून गेला. मालकांनी बाज उन्हात उभी केली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विहिरीभोवती बोराटीच्या काट्यांचे कुंपण घातले. कठड्याला पैसे लागतात, काट्यांना लागत नाहीत.

कधी मदत म्हणजे हात मागे घेणे असते आणि ते लोकांना सर्वांत जड जाते. मार्चमध्ये गहू सोंगताना रानमांजराची तीन पिल्ले सापडली. ‘बिबट, बिबट’ अशी ओरड झाली. बिबटाचे ठिपके त्यांच्या अंगावर नव्हते, पायांवर आणि शेपटीवर फिकट पट्टे होते आणि डोळे नुकते उघडले होते. एकाने ती घरी नेऊन दूध पाजायची तयारी दाखवली, आणि तीही मायेपोटीच. गाईचे दूध अशा पिल्लांना पचत नाही, त्यांना हगवण लागते आणि ती दगावू शकतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन्यप्राणी घरी ठेवता येत नाही. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनअधिकाऱ्यांना कळवावे लागते. मजूर बायांची जी मुकादमीण होती, तिने माझी कायद्याची गोष्ट ऐकून घेतली आणि आपली सांगितली: माय जवळच असेल, आपण हटलो तर येईल. तिने त्या पट्ट्यातील सोंगणी थांबवून साऱ्यांना दुसऱ्या टोकाला नेले. वनरक्षकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पिल्ले संत्र्याच्या कॅरेटमध्ये, त्याच जागी ठेवली, भोवती गव्हाच्या पेंढ्यांची आड केली. सकाळी कॅरेट रिकामे होते आणि ओलिताच्या सारीतल्या मऊ चिखलात मांजराच्या पावलांची एक रांग आली-गेली होती. त्या पट्ट्यातील राहिलेल्या गव्हाची मजुरी मुकादमिणीने दुसऱ्या दिवशी लवकर येऊन भरून काढली.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की साळुंक्या आणि पोपट झाडाखाली पडलेले सापडतात. मुले त्यांच्या चोचीत पाणी ओततात; ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. छिद्रे पाडलेल्या खोक्यात, सावलीत, अंधारात, जवळ पाण्याची उथळ वाटी ठेवून पक्ष्याला तसेच निवांत राहू द्यावे, एवढे पुष्कळदा पुरते. आता हे चौथीची मुले एकमेकांना सांगतात.

वहीतून मी एक नाव खोडले, हेही लिहिले पाहिजे. तो सर्पमित्र धीट होता आणि रात्री-बेरात्री यायचा, पण पकडलेला नाग गळ्यात घालून मुलांसमोर फोटो काढायचा. आमच्या शिवारात घोणस भरपूर आहे आणि अजगराचे पिल्लू समजून ती उचलण्याची चूक खेड्यांत होते. जो माणूस सापाला खेळणे करतो, तो पुढच्या मुलाला हात घालायला शिकवतो. आता आम्ही दुसऱ्या एका तरुणाला बोलावतो. तो काही बोलत नाही, साप पिशवीत घेतो, वनरक्षकांना कळवतो आणि जातो.

जूनमध्ये आमच्या पर्यवेक्षकांची बदली झाली. वहीतील पहिली ओळ त्यामुळे जुनी झाली आहे. त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नाही, दवाखान्याला दुपारी कुलूप असते आणि गेल्या आठवड्यात एका शेळीचे वेत अडले, तेव्हा १९६२ ची गाडी येईपर्यंत काकाजींनीच ते सांभाळले. एक करडू वाचले. सोमवारी शाळा सुटल्यावर मी आर्वीला पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटायला जाणार आहे. काकाजी म्हणाले, त्या दिवशी गुरे त्यांचा पुतण्या नेईल, तेही येतात. विहिरींतील गाळ काढणारे भाऊ आपली बोलेरो देणार आहेत.